मुलाखतीला निघण्याआधी या चुका टाळा

जाहिरातीत 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' असं लिहिलं होतं. साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडून स्वारगेटला उतरलो. कंपनीत अडीच तास बसवून ठेवल्यावर पहिला प्रश्न आला, "टू-व्हीलर आहे ना? लायसन्स?" काम होतं दुकानोदुकानी फिरून पेमेंटची मशीनं विकायचं. मी मात्र जाहिरातींचे नमुने फाइलला लावून गेलो होतो. चूक त्यांची होतीच, पण निम्मी माझीही.

पदाच्या नावावर भुलू नका. 'बिझनेस डेव्हलपमेंट' म्हणजे बहुतेकदा विक्री, 'रिलेशनशिप' म्हणजे खाती आणि विम्याचं टार्गेट. खरं काम जाहिरातीच्या शेवटच्या ओळींत असतं : स्वतःची दुचाकी हवी, इन्सेंटिव्ह अमर्याद, तातडीने रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. माझ्या जाहिरातीतही दुचाकीची ओळ होती. मला वाटलं, ऑफिस लांब असेल!

एचआरचा फोन आला की नुसतं "हो मॅडम, येतो मॅडम" करू नका. दिवसभर नेमकं काय करायचं, टार्गेट आहे का, बसायचं ऑफिसात की फिरायचं, हे तिथेच विचारा. "या तर खरं, मग सांगतो" असं उत्तर आलं, तर कामाचं वर्णन मेलवर मागवा आणि ते येईपर्यंत तिकीट काढू नका.

पगाराचं गणित घरी करून जा. सीटीसी (कंपनी तुमच्यावर करते तो एकूण खर्च) वर्षाला 3 लाख म्हणजे हातात महिना 25,000, असं धरणारे अजूनही भेटतात. समजा बेसिक 12,500 आहे. पीएफ तुमचा 1,500 आणि कंपनीचा 1,500, तोही सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटीचे सुमारे 600, व्यवसाय कर 200, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, 10 टक्के म्हणजे 2,500. उरले 18,700.

रुजू होण्याआधी ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपचे डिपॉझिट मागितले, तर सरळ उठा.

काम वेगळं निघालं तर तोंड पाडून तासभर बसण्यात अर्थ नाही. "मला वाटलेलं काम हे नाही" असं नीट सांगता येतं. मला ते जमलं नाही, मी "विचार करून कळवतो" म्हणालो आणि आठवडाभर त्यांचे फोन टाळत राहिलो.

आणि ऑफर लेटरवर पदनाम, ठिकाण, शिफ्ट, नोटीस पिरियड वाचल्याशिवाय सही नको. "सहा महिन्यांनी टीम बदलून देऊ" हे वाक्य त्या कागदावर शोधून बघा.