पोटाचा सीटी: कॉन्ट्रास्टच्या या चुका टाळा

पोटाचा सीटी म्हटला की पेशंट आल्याआल्या त्याला ओरल कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये आतडं उठून दिसावं म्हणून प्यायला देतात ते द्रावण) पाजायला घ्यायचा, ही सवय अजून बऱ्याच सेंटरमध्ये आहे. फॉर्मवर काय शोधायला सांगितलंय, ते नंतर वाचलं जातं. ते आधी वाचा, कारण चुकीचं पाजलेलं परत काढता येत नाही.

आयोडीनचा पांढरा कॉन्ट्रास्ट आतड्यात भरला की पोकळी पांढरी होते, आणि शिरेतल्या कॉन्ट्रास्टने उजळलेलं अस्तरही पांढरंच. मग आतड्याच्या टीबीत किंवा क्रोन्समध्ये (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) अस्तर किती उजळलंय, हे कळणार कसं? शौचावाटे रक्त जात असेल तर आणखी घात होतो. रक्त नेमकं कुठे झिरपतंय ते दाखवणारा बारीक पांढरा ठिपका त्या पांढऱ्यात बुडून जातो. मुतखड्यासाठी तर कॉन्ट्रास्टशिवायचा प्लेन स्कॅन पुरतो.

लहान आतड्याचं अस्तर बघायचं असेल तर मॅनिटॉल द्या. नुसतं पाणी शेवटच्या टोकाला पोचायच्या आत शोषलं जातं; मॅनिटॉल ते धरून ठेवतं आणि आतडं फुललेलं राहतं. २० टक्क्यांचं २२५ मिली मॅनिटॉल घ्या, पाणी घालून एकूण दीड लिटर करा, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण होतं. ४५ ते ६० मिनिटांत थोडं थोडं पाजा. नंतर जुलाब होतील हे पेशंटला आधीच सांगा, लांबून एसटीने आलेल्याला तर नक्कीच. आतडं अडलेलं असेल तर मात्र काहीच पाजू नका. आत साठलेलं पाणीच तिथे पुरेसं असतं.

ऑपरेशननंतरची गळती शोधताना पांढरा कॉन्ट्रास्टच हवा, पण बेरियम नको. ते आतड्याबाहेर पोटात सांडलं तर पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या पडद्याची सूज) होतो. आयोहेक्सॉल ३०० (आयोडीनचा कॉन्ट्रास्ट, मिलीमागे ३०० मिलिग्रॅम आयोडीन) असेल तर लिटरभर पाण्यात २५ मिली बास. घट्ट झालं की इमेजवर रेघोट्या उमटतात.

शिरेतल्या कॉन्ट्रास्टची नेहमीची चूक म्हणजे सगळ्यांना सरसकट ८० मिली. ३०० ताकदीच्या ८० मिलीत २४ ग्रॅम आयोडीन असतं. ४५ किलोच्या बाईला ते किलोमागे ५३३ मिलिग्रॅम पडतं, ९५ किलोच्या माणसाला जेमतेम २५०. मग त्याचं लिव्हर पुरेसं उजळत नाही आणि गाठ लपते. डोस वजनावर ठरवा. बारीक पेशंटला एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज कमी करून १०० केव्हीवर आणलं की आयोडीन जास्त उजळतं, तिथे डोस कमी करता येतो; जाड पेशंटला तेच केलं तर इमेज दाणेदार होते.

वेळेचंही तसंच. हृदय कमजोर असेल तर कॉन्ट्रास्ट उशिरा पोचतो, घड्याळ लावून ७० सेकंदांना घेतलेला पोर्टल फेज (आतड्याकडून लिव्हरकडे रक्त नेणारी पोर्टल व्हेन आणि लिव्हर उजळल्यावरचा स्कॅन) लवकर पडतो. लिव्हरच्या कॅन्सरची शंका असेल तर महाधमनीवर ट्रॅकर (कॉन्ट्रास्ट पोचला की दाखवणारी मशीनची सोय) लावा आणि तिथला उजळपणा १०० हाऊन्सफिल्ड (सीटीचं एकक) झाल्यावर १५ ते २० सेकंदांनी आर्टेरियल फेज (धमन्या उजळलेल्या असतानाचा स्कॅन) घ्या. पोर्टल व्हेन उजळू लागलेली, हिपॅटिक व्हेन्स (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून काळ्या, असं दिसलं तर तो फेज बरोबर आला.

पोर्टल फेजला मात्र हिपॅटिक व्हेन्स उजळलेल्याच हव्यात. पेशंटला टेबलावरून उतरवायच्या आधी तेवढं बघा. काळ्या असतील तर रेडिओलॉजिस्टला विचारून लगेच फक्त लिव्हरवरून आणखी एकदा स्कॅन घ्या. कॉन्ट्रास्ट अजून शरीरात असतो, दुसरं इंजेक्शन लागत नाही.