अमेरिकेत ‘अनडिक्लेर्ड’ प्रवेश घेतलाय? हवं ते मेजर असं गाठा

“आधी चांगल्या युनिव्हर्सिटीत शिरू दे, मेजरचं मग बघू,” असं मुलांना अमेरिकेला धाडणाऱ्या घरांत सर्रास म्हणतात. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय; तो न ठरवता घेतलेला प्रवेश म्हणजे ‘अनडिक्लेर्ड’. इतिहास घ्यायचा असेल तर खुशाल मग बघा. कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस, नर्सिंग यांच्या जागा मोजक्या असतात, तिथे हा हिशेब फसतो.

१. आतून वाट आहे का, ते आधी तपासा.
कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पूर्वी ठरावीक कोर्सेसमध्ये ३.३ जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) मिळाला की कॉम्प्युटर सायन्स घेता यायचं. २०२३ साली दाखल झालेल्या मुलांपासून ती वाट बंद झाली. आता मेजर प्रवेशअर्जातच मागायचं; मागाहून मागणाऱ्यांची वेगळी छाननी होते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मेजरचे तीन प्रकार आहेत: खुली, किमान अटींची आणि मर्यादित जागांची. तिसऱ्या प्रकारात सगळ्या अटी पुऱ्या करूनही नकार येऊ शकतो. शिवाय १०५ क्रेडिट्स (प्रत्येक कोर्सला ठरलेलं अभ्यासाचं वजन) होईपर्यंत काहीतरी एक मेजर जाहीर करावंच लागतं. म्हणून चार वर्षांपूर्वी गेलेल्या दादाचा सल्ला ऐकून घ्या, पण नियम तुमच्या प्रवेशवर्षाच्या कॅटलॉगमधलेच धरा.

२. पहिलं सत्र जपून आखा.
मेजरसाठी लागणारे कोर्स पहिल्यापासून घ्या, पण सगळे अवघड कोर्स एकाच सत्रात कोंबू नका. चार-चार क्रेडिट्सचे तीन कोर्स घेतले, दोनात ए आणि एकात सी आला, तर जीपीए थेट ३.३३ वर येतो. पुढची दोन सत्रं तो वर ओढण्यात जातात. हे कोर्स ग्रेडसाठीच घ्या. पास-फेल पद्धतीने घेतलेला कोर्स बहुतेक ठिकाणी मेजरच्या अटीत धरत नाहीत.

३. कोर्स सोडण्याआधी व्हिसा आठवा.
एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला साधारण १२ क्रेडिट्स ठेवावेच लागतात. ग्रेड वाचवायला कोर्स सोडला आणि आकडा खाली गेला, तर स्टेटस धोक्यात येतं. आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, मगच बटण दाबा.

४. विभागाच्या अॅडव्हायजरला भेटा.
अनडिक्लेर्ड मुलांचा अॅडव्हायजर वेगळा, विभागाचा वेगळा. “माझं होईल का?” या प्रश्नाला गोड उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: गेल्या वर्षी आतल्या किती मुलांनी अर्ज केला आणि किती घेतली?

५. पर्यायी मेजर मनापासून निवडा.
माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. संख्याशास्त्र, उपयोजित गणित, माहितीशास्त्र यांचे सुरुवातीचे बरेच कोर्स कॉम्प्युटर सायन्सशी जुळतात, त्यामुळे नकार आला तरी वर्ष वाया जात नाही. मात्र सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाला दिलेला सरकारी वर्गीकरणाचा क्रमांक, बघा. शिक्षणानंतर कामासाठी मिळणाऱ्या १२ महिन्यांच्या परवानगीला (ओपीटी) आणखी २४ महिने जोडून मिळतील की नाही, ते या कोडवर ठरतं. अर्थशास्त्राचीच पदवी एका विद्यापीठात स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित; जादा महिने याच गटाला मिळतात) बसते, दुसऱ्यात बसत नाही. कोड वेगळा असतो, इतकंच.

६. मेजरसाठीचा अर्ज.
निबंधात “लहानपणापासून आवड” लिहू नका. केलेलं काम लिहा: कोणता प्रोजेक्ट, कुठे अडला, कसा सोडवला. मेजर मिळालं की आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर) बदल नोंदवून घ्यायला विसरू नका.