ओंडक्याचे फक्त नाक उचला: घरगुती कमानगाड्याने जड लाकूड वाहताना

पावसाळा सरून जमीन पाय धरू लागली, की बांधावर आडवी झालेली झाडे डोळ्यांत खुपायला लागतात. फांद्या सरपणाला गेलेल्या असतात, काटेरी डहाळ्या कुंपणाला. राहतो तो बुंधा. दोघांनी तो हलत नाही आणि चौघांनी हलवला तर भलतीकडेच लोळतो. ट्रॅक्टरला साखळी लावून ओढावा तर नांगराच्या फाळासारखा जमिनीत घुसतो. दहा फुटांवर मातीचा ढीग साचतो, ट्रॅक्टरची मागची चाके जागीच फिरू लागतात आणि क्लचचा वास सुटतो.

यावर कमानगाडा हा सोपा उपाय आहे. दोन चाके, त्यांच्यावर उलट्या ‘यू’सारखी लोखंडी कमान आणि पुढे ट्रॅक्टरला अडकवायची लांब दांडी. गाडा ओंडक्यावर उभा करायचा, ओंडक्याचे पुढचे टोक, म्हणजे नाक, साखळीने कमानीला टांगायचे आणि दुसरे टोक जमिनीवर घासत मागे येऊ द्यायचे. मातीवरून ओंडका सपाट ओढायला त्याच्या वजनाच्या साधारण निम्मा जोर लागतो. नाक चाकांवर आले की घासणारे वजन निम्म्याने कमी होते आणि रुतण्याचा प्रश्न मिटतो. पूर्ण ओंडका अधांतरी उचलण्याचा मोह बहुतेकांना होतो. मलाही झाला होता. तसे केले की गाडा दुप्पट जड बनवावा लागतो, ओंडका घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो आणि उतारावर त्याला अडवायला काहीच उरत नाही. हे काम नाक उचलण्याचे आहे, एवढे पक्के धरून पुढचे सगळे ठरवा.

आधी मोजपट्टी, मग साखळी

‘असेल पाच-सहाशे किलो’ हा अंदाज नेहमी कमीच निघतो. ओंडक्याच्या मधोमध दोरीने घेर मोजा. मीटरमधल्या घेराचा वर्ग करा, त्याला मीटरमधल्या लांबीने गुणा आणि १२.५७ ने भागा. आलेला आकडा घनमीटर. ओले कठीण लाकूड ढोबळमानाने पाण्याइतके जड धरावे, म्हणजे घनमीटरला १,००० किलो. घेर १.५७ मीटर (व्यास सुमारे ५० सेंटिमीटर) आणि लांबी ४ मीटर असेल, तर वजन पावणेआठशे-आठशे किलो भरते. तेवढ्याच लांबीचा ६० सेंटिमीटर व्यासाचा ओंडका मात्र ११०० किलोंच्या पुढे जातो. जाडी दहाच सेंटिमीटरने वाढली, वजन ४४ टक्क्यांनी.

लाकूडबाजारात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग लांबीने गुणण्याची जुनी रीत आहे. ती खऱ्या आकारमानाच्या ७८ टक्क्यांच्या आसपासच दाखवते. सौद्यात ती चालते तर चालू द्या, पण साखळी आणि गाडा निवडताना तो हिशोब घेऊ नका. वजन पाचव्या हिश्शाने कमी दिसेल.

नाकाचा वाटा सरळसोट ओंडक्यात निम्मा असतो. बुंध्याची बाजू जाड असल्याने ती ६० टक्के धरलेली बरी. म्हणजे वरच्या पहिल्या उदाहरणात कमानीवर साधारण ४८० किलो येतील. खड्ड्यात चाक आपटले की क्षणभर याच्या दुप्पट हिसका बसतो, म्हणून कमान, धुरा आणि साखळी एक टनाच्या हिशोबाने हवी.

गाडा बनवताना

आतली मोकळी उंची आधी काढा. ५० सेंटिमीटरचा ओंडका, खाली २० सेंटिमीटर मोकळी जागा, वर हुक आणि साखळीसाठी २५-३०. एक मीटरच्या खाली कमान घेऊ नका. चाकांमधले अंतर निदान सव्वा मीटर हवे, नाहीतर आडव्या उतारावर गाडा कलंडतो. सरळ आरपार एक्सल ओंडक्याच्या आड येतो, त्यामुळे दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूने आखूड धुरे लावावे लागतात. आणि खरी गोम इथेच आहे. खालून पायांना बांधणारे काही नसल्याने भार पडला की ते बाहेर फाकू पाहतात.

माझ्या पहिल्या कमानीचे तेच झाले. वेल्डिंग चांगले होते, लोखंडही जाड होते, पण वरच्या दोन्ही कोपऱ्यांत आधाराच्या त्रिकोणी पट्ट्या नव्हत्या. चौथ्या-पाचव्या ओंडक्यानंतर चाके वरून जवळ आणि खालून लांब दिसू लागली. टेप लावली तर पाय दोन बोटे फाकलेले. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: नवीन गाडा भरण्याआधी दोन्ही पायांचे खालचे अंतर मोजून पायावरच खडूने लिहायचे, भार टांगून पुन्हा मोजायचे, भार काढून तिसऱ्यांदा. भाराखाली थोडेसे फाकणे चालते, पण भार काढल्यावर अंतर पूर्ववत झाले नाही तर लोखंड कायमचे वाकले आहे असे समजा आणि गाडा वेल्डरकडे परत न्या. ही चाचणी सपाट जागेवर, ओंडका जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलून आणि सगळ्यांनी लांब उभे राहून करायची.

वरच्या आडव्या तुळईला एकटा चॅनेल (इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा लोखंडी बार) लावला तर तो पिळवटतो. ७५ मिलिमीटरचे दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून पेटीसारखे जोडा. वरच्या एक टनाच्या हिशोबाला सव्वा मीटर रुंदीपर्यंत ते पुरतात. जुने टायर वापरायला हरकत नाही, मात्र त्यांच्या भिंतीवरचा भारांक वाचा. ९१ हा आकडा असेल तर तो टायर ६१५ किलो पेलतो. हा आकडा टायर चांगल्या स्थितीत आणि हवा पूर्ण असतानाचा आहे.

चाक जितके मोठे तितके खड्ड्यातून सहज निघते. अमेरिकेत मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावी सायलस ओव्हरपॅक नावाच्या गाडे बनवणाऱ्या कारागिराने १८७० च्या दशकात नऊ-दहा फूट उंच चाकांचे असेच गाडे बनवायला घेतले. ओंडके धुऱ्याखाली टांगले जात आणि घोडे ते ओढत. तोवर तिथली ओढणी बर्फावरच्या घसरगाड्यांवर अवलंबून होती; या चाकांमुळे ती उन्हाळ्यातही होऊ लागली. आपल्याला एवढी चाके नकोत, पण ढकलगाडीची बारकी चाके लावून काम होईल अशी आशाही नको.

नाक टांगण्याची रीत

झाड पाडायचेच असेल तर पडण्याच्या जागी आधीच दोन आडवी लाकडे टाकून ठेवा. बुंधा त्यांच्यावर टेकला की खालून साखळी सरकवायला फट राहते. आधीच पडलेला ओंडका असेल तर पहारेने जरासा उचलून पाचर मारा. खाली हात घालू नका. महिनाभर पडून असलेल्या ओंडक्याखाली विंचू, साप, गोम यांतले काही ना काही असतेच. शिवाय पहार निसटली तर बोटे जातात. जाड तारेचा आकडा करून घ्या, पलीकडून साखळी त्याने ओढून घ्या.

फास नेहमी बुंध्याच्या बाजूला, टोकापासून एक-दीड फूट आत. पुढे ओढले की फास पुढे सरकायला बघतो, आणि पुढे ओंडका जाड होत जात असल्याने तो आवळतच जातो. शेंड्याकडून बांधलेला फास याच्या उलट ढिला पडत सुटतो. साखळीच्या कड्यांवर ८ किंवा ८० अशी दर्जाची खूण हवी. अशी ८ मिलिमीटरची साखळी सरळ टांगली तर दोन टन पेलते, फास केल्यावर पाचवा हिस्सा कमी धरायचा, म्हणजे १.६ टन. खूण नसलेली, फाटकाला किंवा जनावराला बांधायची साखळी या कामाची नाही, कितीही जाड दिसली तरी.

उचलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कमानीवर हातविंच किंवा चेनपुली असेल तर काम सावकाश आणि निर्धोक होते. नसेल तर दांडीचीच तरफ करायची: दांडी आभाळाकडे उभी केली की कमान मागे झुकते आणि हुक ओंडक्याजवळ येतो. तिथे साखळी आखूड अडकवायची आणि दांडी खाली ओढायची, की नाक वर येते. दांडी धुऱ्यापासून २.४ मीटर आणि हुक धुऱ्यापासून ३० सेंटिमीटर असेल तर आठपट फायदा मिळतो. ४८० किलोंच्या नाकाला दांडीवर ६० किलोंचा जोर. एका माणसाच्या वजनात बसते, पण अर्ध्यात हात सुटला तर तीच दांडी तेवढ्याच त्वेषाने वर उडते. दांडीवर कधीही ओणवे होऊ नका, बाजूला उभे राहून दोघांनी ओढा आणि खाली आल्याबरोबर पिन घाला. याहून जड ओंडक्याला तरफ नको, विंचच वापरा.

विंचने उचलले असेल तर चालू पडण्याआधी भार विंचवरून काढून आखूड साखळीवर घ्या. विंचच्या दातऱ्याला रस्त्यातले हिसके सोसत नाहीत. नंतर ओंडका कमानीच्या दोन्ही पायांना पट्ट्याने आवळा, म्हणजे वळणावर तो चाकाला धडकणार नाही. विंचचा ताणलेला तारदोर ओलांडायचा नाही, त्याच्या रेषेत उभे राहायचे नाही. दोरावर मधोमध ओले पोते टाकून ठेवले तर तुटल्यावर त्याचा फटका बराच मरतो.

ओढताना

दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढपट्टीलाच, अडकवा. टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) जागी किंवा मागच्या एक्सलच्या वर साखळी बांधली, ओंडका कुठे अडकला आणि क्लच झटकन सोडला, तर ट्रॅक्टरचे पुढचे नाक उचलते. साधारण पाऊण सेकंदात तो मागे उलटण्याच्या पलीकडे गेलेला असतो. ब्रेकवर पाय पोहोचायलाही तेवढा वेळ नसतो. पुढे वजन लावा, पहिला गिअर, चालण्याइतकी गती.

चढावर दर १०० फुटांना १० फूट चढ असेल तर टनामागे १०० किलोंचा जोर नुसता चढासाठी वाढतो. उतारावर मात्र मागचे घासणारे टोक हाच आपला ब्रेक असतो, ते उचलू नका. उतार फारच असेल तर नाकही थोडे खाली सोडा, घासू द्या. आडव्या उतारावरून नेणे टाळा. वाट वाकडी पडली तरी सरळ वर किंवा सरळ खाली न्या. वळताना ओंडक्याचे शेपूट आतल्या बाजूने कापत येते. आत कलमे किंवा ठिबकच्या नळ्या असतील तर वळण मोठे घ्या, नाहीतर वळणाच्या आतल्या कडेला एक जुना खांब रोवा आणि ओंडक्याला त्याला घासून जाऊ द्या.

घाई करू नये अशी एक गोष्ट म्हणजे जमीन वाळणे. वीतभर खोलवरची मूठभर माती दाबून बघा. तिचा घट्ट गोळा होऊन चिकट पट्टी निघत असेल तर आठवडाभर थांबा. ओल्या मातीवरची पहिलीच फेरी सर्वात जास्त दाब करून जाते, म्हणून दरवेळी नवी वाट न काढता एकाच ठरलेल्या वाटेने ये-जा करा. नंतर तेवढीच पट्टी खोल नांगरायची. दरम्यान ओंडका वाया जात नाही. पाडलेल्या झाडाची पालवी काही आठवडे न तोडता ठेवली तर पाने खोडातले पाणी ओढून घेतात आणि लाकूड हलके होते. फळ्या पाडायच्या असतील तर हा काळ लांबवू नका, सालीखाली भुंगेरे शिरतात.

हा गाडा शेतातल्या वाटेपुरता. डांबरी रस्त्यावर घासते शेपूट घेऊन जाणे रस्त्यालाही वाईट आणि मागून येणाऱ्यालाही. पुढे न्यायचे असेल तर ओंडका ट्रॉलीत चढवा, लागतील ते वाहतुकीचे परवाने आधी घ्या. ट्रॉलीत चढवायला उचलण्याची गरज नाही, लोळवा. दोन जाड फळ्या ट्रॉलीच्या कडेला तिरप्या लावा, दोन दोर ट्रॉलीला बांधून ओंडक्याखालून घ्या आणि वरून पलीकडे ओढा. ओंडकाच फिरती कप्पी बनतो, जोर निम्म्यावर येतो. ८०० किलोंचा ओंडका, तीन मीटरची फळी आणि मीटरभर उंची असेल तर दोन्ही दोरांवर मिळून १३५ किलोंच्या आसपास, घर्षण वेगळे. प्रत्येक हातभर अंतरावर मागे पाचर सरकवत जा, आणि खालच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही, पाचर मारणारासुद्धा बाजूनेच मारेल.

ठिकाणावर पोहोचल्यावर ओंडका जमिनीवर न टाकता दोन ओंडक्यांच्या आडव्या बैठकीवर उतरवा, दोन्ही बाजूंनी पाचर मारा, मगच साखळी सोडा. कापलेल्या तोंडांना त्याच दिवशी जुना रंग किंवा मेण फासा, नाहीतर उन्हाने तोंडाला चिरा पडतात. आणि गाडा उभा करण्याआधी दोन्ही चाकांच्या हबला उलटा हात लावून बघा. एक गार आणि दुसरा चटका देणारा लागला तर त्या बाजूचे बेअरिंग कोरडे आहे. पुढच्या ओंडक्याआधी ते खोलून ग्रीस भरा.