विदर्भातून क्रूझला जाताना: कमी पैशात कुटुंबाची सहल कशी बसवावी

क्रूझच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात जो आकडा असतो, त्या आकड्यात कोणीही जहाजावर चढत नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा. यवतमाळ-दारव्हा भागातले आमचे नातेवाईक, शाळेतले सहकारी, शेजारचे शेतकरी यांच्या बुकिंगचे कागद गेली काही वर्षं माझ्याकडे येतात. सोबत एक सल्लाही ठरलेला असतो: ‘ऑफर संपायच्या आत पैसे भरून टाका, बाकीचं मग बघू.’ ते ‘बाकीचं’च महत्त्वाचं आहे. चार जणांच्या घराचं बजेट नेमकं तिथंच कोलमडतं.

तारीख आणि मार्ग

मुंबईहून फेऱ्या साधारण ऑक्टोबर ते मे अशा चालतात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. दिवाळी, नाताळ आणि ३१ डिसेंबर सोडून द्या. दिवाळीत दर चढलेले असतात आणि आपल्याकडे त्याच सुमारास सोयाबीन निघतं, पाठोपाठ कापसाची वेचणी लागते. अशा वेळी गेलेल्या माणसाचं अर्धं लक्ष वावरातच राहतं. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरा आणि आठवड्याच्या मधली फेरी बघा. दहावी-बारावीचं लेकरू घरात नसेल तर दोन-तीन दिवस शाळा बुडाली तरी काही बिघडत नाही.

पहिल्यांदा जात असाल तर मुंबई–गोवा–मुंबईच घ्या. नुसतं समुद्रात फिरवून आणणारी शनिवार-रविवारची फेरी स्वस्त दिसते, पण ती कुठंच उतरवत नाही. लहान मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतात. लक्षद्वीप सुंदर आहे यात वाद नाही, पण तिथं मोठं जहाज बेटाला लागत नाही. भर समुद्रात लहान होडीत उतरावं लागतं, आणि पाणी हलत असेल तर उतरणंच रद्द होतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला घेऊन पहिल्याच सहलीत हा खटाटोप नको.

खोली आणि खरा हिशेब

इथं घाई करू नका. बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल, हा भाग वाचा.

जाहिरातीतलं भाडं एका माणसाचं असतं आणि तेही एका खोलीत दोघं राहणार असं धरून. खोली सगळ्यात स्वस्त, म्हणजे बिनखिडकीची इंटिरियर. त्यावर बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी लागतो. बंदर शुल्क आणि सेवाशुल्क माणशी असतं. त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं बरंच कमी होतं, म्हणून लोक खूश होतात. पण ही दोन शुल्कं सहसा त्याच प्रमाणात कमी होत नाहीत. त्यामुळे छोट्या फेरीत ‘मुलांचं जवळजवळ फुकट’ हा हिशेब टिकत नाही. आमच्या एका नातेवाइकांना थेट टर्मिनलवर सेवाशुल्क भरावं लागलं, कारण एजंटनं ‘ते तिथं बघून घेऊ’ म्हणून ते कागदावर आणलंच नव्हतं. चौघांचे पैसे ऐनवेळी खिशातून गेले आणि गोव्यात फिरायला ठेवलेली रक्कम तिथंच संपली.

म्हणून एजंट असो की कंपनी, फोनवर भाव विचारू नका. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर हे असंच्या असं लिहून पाठवा: ‘आम्ही चौघं, वयं अमुक, एकाच खोलीत. सगळे कर, बंदर शुल्क, सेवाशुल्क धरून शेवटचा आकडा सांगा. खोलीचा प्रकार आणि रद्द केल्यास किती कापणार त्याचा तक्ताही पाठवा.’ उत्तर लेखी आलं नाही तर तो माणूस सोडा, कितीही ओळखीचा असला तरी. पैसेही कंपनीच्या खात्यावरच भरा. कोणाच्या खासगी यूपीआयवर हजार रुपयेसुद्धा टाकू नका.

रद्द करण्याचा तक्ता नीट वाचा. तारीख जवळ येते तशी कपात वाढते आणि शेवटच्या दिवसांत काहीच परत मिळत नाही. आपल्याकडे घरात अचानक लग्न निघतं, कोणी आजारी पडतं, गारपीट होते. तक्ता न वाचता पूर्ण रक्कम भरणं मला मान्य नाही.

आता खोली. मुंबईहून फेऱ्या करणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचं आहे. त्या काळच्या जहाजांत खोल्या लहानच असायच्या. चार जणांच्या खोलीत दोन पलंग खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे वर, शिडी लावून चढायचे. दोन मुलं असतील तर ही व्यवस्था उत्तम. आजी-आजोबा असतील तर चौघं एका खोलीत कोंबू नका. साठीच्या माणसाला रात्री शिडीवरून उतरून बाथरूमला जायला लावणं चुकीचं आहे. त्यांना वेगळी खोली घ्या आणि एकमेकांलगतच्या खोल्या बुकिंगच्या वेळीच मागा. चौघांच्या खोल्या जहाजावर मोजक्याच असतात आणि आधी संपतात.

बाल्कनीसाठी जादा पैसे घालू नका, हे माझं ठाम मत आहे. वरच्या डेकवरून समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो आणि खोलीत तुम्ही फक्त झोपायला जाता. एकच अपवाद: बंद जागेत जीव घाबरणारं माणूस सोबत असेल तर खिडकीची खोली घ्या. इंटिरियर खोलीत दिवा बंद केला की दिवसाही कोठीघरासारखा अंधार होतो. खोलीचा नंबर निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधोमध असलेली निवडा. तिथं हलणं सगळ्यात कमी जाणवतं. ‘खोली आम्ही ठरवू, भाडं थोडं कमी’ ही सवलत नवराबायकोला ठीक आहे, लेकरं आणि म्हातारी माणसं असलेल्या घराला नाही.

नावं आणि ओळखपत्रं

प्रत्येकाचं नाव आधारवर आहे तसंच बुकिंगला द्या. लग्नानंतर आधार बदललेलं नसेल तर सूनबाईंचं माहेरचंच नाव लिहा. मुलांची मूळ आधारकार्डं सोबत हवीत, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. पॅन कार्ड इथं ओळखपत्र म्हणून धरत नाहीत. घरात कोणी पोटुशी असेल आणि २४ आठवड्यांच्या आसपास किंवा पुढे असेल तर बुकिंगच करू नका, जहाजावर घेत नाहीत.

रेल्वे

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. जहाजाचं बुकिंग त्याच्या बरंच आधी झालेलं असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सकाळी आठला तिकिटं काढा. यवतमाळकडच्यांना धामणगावहून विदर्भ एक्सप्रेस सोयीची, अमरावती-अकोल्याकडच्यांना अमरावती–मुंबई एक्सप्रेस. दोन्ही सीएसएमटीला सकाळी पोचतात, आणि बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीनं काही मिनिटांवर आहे.

म्हणून सगळे म्हणतात, त्याच सकाळी पोचा, लॉजचे पैसे वाचतात. माझा सल्ला उलटा आहे: एक दिवस आधी पोचा. गाडी तीन-चार तास उशिरा येणं ही आपल्या मार्गावर नवलाची गोष्ट नाही. चेक-इन, म्हणजे चढण्याआधीची नोंदणी, जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. पैसेही परत मिळत नाहीत. एका रात्रीच्या लॉजपायी चौघांचं पूर्ण भाडं पणाला लावणं याला काटकसर म्हणत नाहीत. नात्यातलं कोणी डोंबिवली-कल्याणला असेल तर त्यांच्याकडे उतरा.

चढताना

वेब चेक-इन घरूनच करा आणि कागद छापून घ्या. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, चाकू, दारू चालत नाही. घरचा डबाही आत नेता येत नाही, त्यामुळे दशम्या-चटण्या प्रवासातच संपवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवर घेतात आणि खोलीशी यायला संध्याकाळ होते. औषधं, स्वेटर आणि मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. हो, स्वेटर. आत एसी दिवसरात्र चालतो आणि उन्हाची सवय असलेली आपली माणसं पहिल्याच जेवणाला कुडकुडतात.

जहाजावर

मुख्य जेवणघरातलं जेवण भाड्यातच आहे. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. ज्वारीची भाकर मिळेल अशी आशा धरू नका. दारू, कोल्ड्रिंक, वायफाय, स्पा या सगळ्यांचे वेगळे पैसे लागतात. खोलीच्या चावीचं कार्डच पैशाचं काम करतं, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नका. सुरक्षेचा सराव सगळ्यांनाच करावा लागतो, कंटाळा करू नका. पोहायला नायलॉनचा पोशाख लागतो.

मळमळीची गोळी जहाज हलायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. गावच्या डॉक्टरांना विचारून ॲव्होमिनसारखी गोळी सोबत ठेवा आणि जहाज सुटण्याआधीच घ्या. मुलांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

जहाज किनारा सोडतं तशी रेंज जाते. त्याआधी प्रत्येकाचा फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रातलं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचं बिल जबर येतं. दुकान, गोठा, पाण्याची मोटर यांच्या सूचना घरी आधीच देऊन ठेवा.

गोव्यात

जहाज वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात लागतं. पणजी तिथून साधारण ३० किलोमीटर आहे. कंपनीची सहल घेऊ नका. चार-पाच जण असाल तर टॅक्सी ठरवा, नाहीतर वास्कोच्या बसस्थानकावरून कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी बस पकडा. मंगेशी आणि जुनं गोवा एवढंच करा. परत चढण्याची वेळ सकाळीच फोनमध्ये टिपून घ्या आणि त्याच्या दीड तास आधी बंदरात पोचा.

उतरताना

आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढून घ्या. कार्डावरच्या खर्चाचा हिशेबही त्याच रात्री काउंटरवर तपासा; सकाळी तिथं रांग असते आणि चुकीची नोंद काढून घ्यायला कोणाला सवड नसते. परतीची गाडी संध्याकाळची धरा. जहाज सकाळी लागलं तरी सगळे उतरेपर्यंत बराच वेळ जातो. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगा टाका, त्यांना कुलूप लागतं. कुलपं घरूनच न्या.