वाडग्यांच्या बुडाला जाणारी चीर

पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून हातचे वाडगे द्यायचे, म्हणून सोसायटीजवळच्या सामूहिक कार्यशाळेत कुंभाराच्या चाकावर बसलो. पहिल्या 7 वाडग्यांपैकी 5 वाळतानाच गेले. प्रत्येकाच्या बुडाला इंग्रजी ‘एस’सारखी चीर! मी खुशाल मातीला नावं ठेवली.

शिकवणाऱ्या ताईंनी वाडगा उलटा करून बघितला. “अहो, बूड दाबलंच नाहीत तुम्ही!”

भिंती वर ओढताना तिथली माती आपोआप दाबली जाते, बूड मात्र तसंच राहतं. त्यात आत पाणी साचलेलं. काठ आधी वाळून आकसतो, ओलं बूड मागाहून आकसतं आणि फाटतं.

आता बूड लाकडी पट्टीने मधून कडेला आणि परत मध्ये, चार-पाच वेळा दाबतो. पाणी स्पंजने टिपतो. पंख्याखाली ठेवणं बंद. काठ जरा घट्ट झाला की वाडगा पालथा, वर ढिली प्लास्टिकची पिशवी. आठवडा लागतो, लागू दे. भट्टीत देण्याआधी बूड गालाला लावायचं. गार लागलं तर आत ओल आहे.

पुढच्या 12 पैकी 11 धड निघाले. बारावा माझ्याच कोपराने खाली पाडला.