वर्षभर टिकणारे बेळगावी मसाला तिखट कसे करावे

मार्चच्या मध्यापासून बेळगावात गच्च्या लाल दिसू लागतात. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांपासून खानापूर, निपाणीपर्यंत घरोघरी वर्षाच्या तिखटाची तयारी सुरू झालेली असते. आम्ही मराठी माणसे त्याला मसाला तिखट म्हणतो, आमच्या कानडी शेजारणी मसाली खार म्हणतात, आणि दोघींच्या बरण्यांत डोकावले तर फरक असतो तो एखाद्या मसाल्याच्या कमी-जास्तीचा. प्रमाणावरून बायकांमध्ये वाद होतात, परंतु प्रमाण चुकल्यामुळे तिखट फेकून द्यावे लागल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. ते फेकून द्यावे लागते ते ओलाव्यामुळे, आणि हा ओलावा बहुतेक वेळा कांद्यातून आलेला असतो. म्हणून या लेखात बाकीचे टप्पे मी थोडक्यात उरकणार आहे आणि कांद्यापाशी थांबणार आहे.

काम एप्रिल संपण्यापूर्वी आटोपावे. मे महिन्याच्या उन्हावर विसंबून राहू नये, कारण आपल्याकडे सकाळी कडक ऊन आणि दुपारी चारला वळवाचे ढग, असे त्या महिन्यात अनेकदा होते, आणि गच्चीवर पसरलेल्या मिरच्या गोळा करण्याइतकाही वेळ तो पाऊस देत नाही.

मिरची दोन जातींची घ्यावी. रंगासाठी ब्याडगी आणि झणक्यासाठी संकेश्वरी. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातले गाव. तिथल्या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटपणाला बेताची अशी ही मिरची आहे. तिची डब्बी जात आखूड व फुगीर असते आणि कड्डी जात लांब व बारीक असते. मला रंगासाठी डब्बी पसंत आहे. संकेश्वरी मिरची आपल्याच जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातली, लांब, पातळ सालीची आणि चांगली तिखट. एक किलो मिरचीत सातशे ग्रॅम ब्याडगी आणि तीनशे ग्रॅम संकेश्वरी हे प्रमाण लहान मुले असलेल्या घरालाही झेपते. नवा माल जानेवारीपासून बाजारात येऊ लागतो, तेव्हा मार्चमध्ये गेल्या वर्षीची, निस्तेज झालेली मिरची स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. सालीवर पांढरट किंवा फिकट पिवळे डाग पडलेली मिरची एकेक करून बाजूला काढावी. अशा मिरचीला आत बुरशी लागलेली असू शकते, आणि काही बुरशींचे विष भाजल्याने किंवा शिजवल्याने जात नाही. मिरची धुऊ नये. कोरड्या फडक्याने पुसावी, देठ खुडावेत आणि दोन ते तीन दिवस कडक उन्हात वाळवावी. हलवल्यावर आतले बी खुळखुळले आणि मिरची वाकण्याऐवजी कट्कन मोडली, म्हणजे ती तयार झाली. तिला तव्यावर भाजण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, तो मला मुळीच मान्य नाही. त्यामुळे ब्याडगीचा रंग काळवंडतो, आणि एवढे पैसे मोजून ब्याडगी आणण्याचा हेतूच संपतो.

एक किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुके खोबरे, पाव किलो धणे, शंभर ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम खसखस, पन्नास ग्रॅम जिरे, पंचवीस ग्रॅम हळकुंड, वीस ग्रॅम मोहरी, दहा ग्रॅम मेथी, लवंग, दालचिनी, काळी मिरी, मसाला वेलची आणि दगडफूल प्रत्येकी दहा ग्रॅम, चक्रीफूल, जायपत्री, नाकेशर आणि तमालपत्र प्रत्येकी पाच ग्रॅम, दीडशे ग्रॅम खडे मीठ आणि खडा हिंग घ्यावा. तळण्यासाठी शेंगतेल वापरावे. दगडफुलात माती आणि झाडाच्या सालीचे तुकडे असतात, तेवढे मात्र डोळ्यांत तेल घालून निवडावेत.

आता कांदा. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई गावी गेल्या होत्या आणि तिखट मी एकटीने केले. कांदा उभा चिरला, तसाच कढईत टाकला आणि 'सोनेरी' होताच काढला, कारण मी वाचलेल्या प्रत्येक पाककृतीत तसेच लिहिले होते. कांडप यंत्रावरच्या मावशींनी मूठभर कांदा हातात घेऊन दाबला आणि म्हणाल्या, "अक्का, ह्यो कांदा वल्ला हाय बघा. आज नेऊ नका पुढं, परत तळून आणा." मला घाई होती आणि थोडा अहंकारही होता. मी ते तसेच कांडून आणले. रंग सुरेख आला, वास घरभर दरवळला, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात बरणी उघडली तेव्हा वरच्या थरावर कापसाच्या तंतूंसारखी पांढरी बुरशी होती. चमचा खुपसला तर आत ढेकळे होती. चार किलो तिखट खड्डा करून पुरावे लागले. त्यानंतरच्या वर्षी मी भीतीपोटी कांदा काळा होईपर्यंत तळला, आणि मग वर्षभर घरातली प्रत्येक आमटी कडवट लागली. कांदा नीट साधायला मला त्यानंतरही दोन उन्हाळे लागले.

साधा हिशेब असा आहे की शंभर ग्रॅम कांद्यात सुमारे ८६ ते ८९ ग्रॅम पाणी असते. म्हणजे अर्ध्या किलो कांद्यातून चारशे ग्रॅमपेक्षा अधिक, सुमारे दोन फुलपात्री भरून पाणी आपल्याला घालवायचे असते. हे सगळे पाणी कढईत घालवायचे ठरवले तर ते जाईपर्यंत कडेचा कांदा जळतो आणि मधला ओलाच राहतो. म्हणून कांदा आधी उन्हात वाळवावा आणि मग तळावा. हा टप्पा ज्या पाककृतीत गाळलेला असेल ती वर्षाच्या तिखटासाठी वापरू नये. शक्य असल्यास पांढरा कांदा घ्यावा, कारण त्यात तुलनेने पाणी कमी असते. लाल कांदा घ्यायचा असेल तर नुकताच शेतातून आलेला न घेता सुकलेल्या पातीचा, वरचे पापुद्रे खडखडीत वाजणारा कांदा घ्यावा.

कांदा उभा, पातळ आणि शक्य तितका सारख्या जाडीचा चिरावा. सारख्या जाडीचा आग्रह दिसण्यासाठी नाही. जाड फोड आणि पातळ फोड एकाच कढईत एकाच वेळी कधीच तयार होत नाहीत, आणि शेवटी जाड फोडीच घात करतात. चिरलेला कांदा हाताने मोकळा करून स्वच्छ सुती कापडावर एकेरी पसरावा. दोन दिवस कडक ऊन पुरते; आभाळ असेल तर तिसरा दिवस द्यावा. संध्याकाळी कापडासकट घरात घ्यावा, कारण रात्रीचा गारवा दिवसभराचे काम निम्मे बुडवतो. तळण्याआधी एक फोड नखाने दाबून पाहावी. ती चिवट लागावी, कातड्यासारखी वाकावी, पण नखाला रस लागता कामा नये. रस लागला तर कढई ठेवू नये.

तळताना तेल मध्यम तापवावे आणि कांदा दोन मुठींपेक्षा अधिक एका वेळी टाकू नये. कांदा पडताच तेल फसफसून वर येते. हे बुडबुडे म्हणजे कांद्यातले उरलेसुरले पाणी वाफ होऊन बाहेर पडत असते. येथून पुढे रंगापेक्षा आवाजाकडे लक्ष द्यावे. आधी जोराची चरचर असते, मग ती बारीक होते, आणि एका क्षणी तेल जवळजवळ गप्प होते. सोनेरी रंग या गप्प होण्याच्या बराच आधी येतो, आणि नेमके इथेच सगळे फसतात. रंग लवकर येत असेल आणि चरचर थांबत नसेल तर आच मोठी आहे असे समजावे आणि ती कमी करावी. तेल शांत होत आले आणि कांदा बदामी तपकिरी झाला की लगेच झाऱ्याने काढावा. पूर्ण तपकिरी होण्याची वाट पाहू नये, कारण कढईबाहेर आल्यावरही तो आतल्या उष्णतेने आणखी एक छटा गडद होतो. माझा कडू कांदा याच अज्ञानामुळे झाला होता.

काढलेला कांदा चाळणीत निथळून मोठ्या परातीत पसरावा आणि त्यावर काहीही झाकू नये. गरम कांद्यावर ताट झाकले की वाफ ताटाला धरते आणि थेंब होऊन परत कांद्यावर पडते. एवढा खटाटोप करून घालवलेले पाणी आपणच परत घातल्यासारखे होते. पूर्ण गार झाल्यावर खरी परीक्षा घ्यावी. चिमूटभर कांदा दोन बोटांत चुरडावा. तो कुरकुरत भुगा झाला पाहिजे. एखादी फोड रबरासारखी दबली तर सगळा कांदा पुन्हा मंद आचेवर एक फेरी घ्यावा. गरम असताना ही परीक्षा घेऊ नये, कारण गरम कांदा चांगला तळलेला असला तरी मऊच लागतो.

दोन वाईट सल्ल्यांविषयी येथेच बोलून टाकते. पहिला असा की कांदा थोडा ओला राहिला तरी चालेल, कांडून आणल्यावर तिखट उन्हात वाळवता येते. तिखट वरून वाळते, आतल्या बारीक गोळ्यांत ओल तशीच राहते आणि उन्हाने रंग मात्र उडतो. दुसरा सल्ला असा की कांद्याऐवजी बाजारातली कांद्याची पूड घालावी. ते सोपे आहे, टिकतेही, पण तळलेल्या कांद्याची गोडसर, खमंग चव तिला नाही, आणि मग मसाला तिखट करण्याऐवजी नुसते तिखट आणून खावे.

लसूण कांद्याबरोबर तळू नये. त्याच्यात पाणी कमी असते, तो कांद्याच्या आधी तांबूस होतो आणि जळला तर कांद्यापेक्षा अधिक कडू होतो. सोलून पातळ काप करावेत, एक दिवस ऊन द्यावे आणि मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत वेगळे तळावेत. कच्चा लसूण घालून केलेली चटणी चवीला उत्तम लागते, पण ती आठ-दहा दिवसांची चटणी आहे आणि तीही शीतकपाटात ठेवायची. वर्षाच्या बरणीत कच्च्या लसणाला जागा नाही.

खोबरे किसून कोरडे भाजावे, तीळ आणि खसखसही कोरडी. हळकुंड ठेचून तेलात फुगेपर्यंत तळावे. बाकीचे मसाले थोड्या तेलात वेगवेगळे परतावेत. मेथी लालसर होताच आणि दगडफूल व जायपत्री नुसती गरम होताच काढावी. मीठ कोरडे भाजून घ्यावे, कारण पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेणारा पदार्थ तोच असतो. सगळे जिन्नस रात्रभर गार होऊ द्यावेत आणि सकाळी मिरचीला पुन्हा तासभर ऊन दाखवून घराबाहेर पडावे.

कांडप यंत्रावर दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपल्या आधी कोणाचे काय कांडले गेले ते विचारावे आणि उखळात पहिल्यांदा आपले मूठभर धणे टाकून, कांडून, ते बाजूला काढावेत. आधीच्या घाण्याचे चिकटलेले तिखट त्याबरोबर निघून येते. मग मिरची, त्यानंतर मसाले आणि सर्वांत शेवटी कांदा, लसूण व खोबरे, असा क्रम ठेवावा. तेलकट जिन्नस आधी टाकले तर ते उखळाला धरतात. पिठाच्या गिरणीत तिखट दळू नये, कारण दगडांच्या घर्षणाने ते तापते आणि रंग व वास दोन्ही मंदावतात. मिक्सरवर थोडेसे करायचे असेल तर दर अर्ध्या मिनिटाने थांबावे.

घरी आणलेले तिखट कोमट असते. ते परातीत पसरून पूर्ण निवू द्यावे, चाळून घ्यावे आणि उन्हात कोरड्या केलेल्या चिनी मातीच्या बरणीत हाताने दाबून भरावे. वर हिंगाचे तीन-चार खडे ठेवावेत, तोंडाला दुहेरी फडके बांधावे आणि झाकण लावावे. रोजच्या वापरासाठी पंधरा दिवसांचे तिखट लहान डब्यात काढावे. मोठ्या बरणीत स्वयंपाक चालू असताना हात घालू नये, कारण चुलीवरची वाफ बरणीत जाते. आठ दिवस मुरल्यावर वापरायला सुरुवात करावी. ताज्या तिखटात लवंग आणि दालचिनी वेगवेगळ्या जाणवतात, मुरल्यावर तसे होत नाही.

जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, बरणी एकदा उघडून मधोमध कोरडा चमचा खुपसावा. गोळे निघाले म्हणून लगेच घाबरू नये. गोळा बोटाने दाबताच भुसभुशीत होऊन फुटला आणि वास मूळचाच असला तर तो खोबऱ्याच्या आणि शेंगतेलाच्या तेलकटपणाचा गोळा असतो. हाताने मोडून परत दाबून ठेवावा. गोळा आतून गार व दमट लागला, किंवा वासात जुन्या गोणपाटासारखी कुबट छटा आली, तर वरचा थर काढून खालचे वाचवण्याचा प्रयत्न करू नये. सगळी बरणी रिकामी करावी.