मंदीत मोठं काम काढताय? या चुका टाळा

२००८ मध्ये नागपुरात वर्धा रोडला, मिहान या औद्योगिक प्रकल्पाच्या अलीकडे एका इमारतीचं सेंट्रिंग (स्लॅब ओतण्यासाठीचा फळ्या-टेकूंचा साचा) आमच्याकडे होतं. दोन स्लॅब टाकून झाले, तिसऱ्याचा लोहा म्हणजे सळया बांधून झाल्या आणि पैसा आटला. कॉलमच्या सळया दोन पावसाळे उघड्या राहिल्या. हात लावला की बोटांना गंजाचे पापुद्रे चिकटायचे. बिल्डर काही लफंगा नव्हता. "भाऊ, लोह्याचा भाव खाली आला आहे, मजूर रिकामा आहे, हीच वेळ आहे," हे त्याचं गणित. अर्धं बरोबरही होतं.

स्वस्ताईलाच मुहूर्त समजणं

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं बांधकाम ऐन महामंदीत, मार्च १९३० मध्ये सुरू झालं आणि १ मे १९३१ ला उद्घाटन. १०२ मजले, चौदा महिन्यांच्या आत! माल-मजुरी पडलेली, त्यामुळे खर्चही अंदाजाच्या बराच आत. पण भाडेकरू कुठून आणायचे? लोक तिला रिकामी बिल्डिंग म्हणून चिडवू लागले. वर जाऊन शहर बघणाऱ्यांच्या तिकिटांनी तिला तगवलं. नफा दिसायला १९५० च्या आसपासचा काळ उजाडला. मालक गडगंज होते म्हणून निभलं.

मंदीत बांधणाऱ्याचा खर्च उतरतो, तसा घेणाऱ्याचा पगारही. म्हणून रेती-गिट्टीचा भाव नंतर विचारा. आधी बुकिंगवाले काय काम करतात, ते विचारा. आमच्या बिल्डरचे निम्मे ग्राहक मिहानमध्ये येऊ घातलेल्या नोकऱ्यांच्या भरवशावर इसार देऊन बसले होते. नोकऱ्या लांबल्या, हप्ते थांबले.

पहिल्या हप्त्यावर भूमिपूजन उरकणं

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलासाठी नोव्हेंबर १९३० मध्ये मतदारांनी साडेतीन कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, स्वतःच्या घरादारांवर त्याचा बोजा घेऊन. बाजारात रोखे खपेनात. १९३२ मध्ये बँक ऑफ अमेरिकेचे संस्थापक जियानिनी यांनी ते उचलायचं कबूल केलं, तेव्हा कुठे जानेवारी १९३३ मध्ये काम लागलं. रोख्यांची फेड टोलमधून १९७१ पर्यंत चालली.

आपलं विदर्भातलं गोसीखुर्द धरण घ्या. १९८३ ची मंजुरी ३७२ कोटींची, १९८८ मध्ये भूमिपूजन, आणि पुढे किंमत गेली अठरा हजार कोटींच्या वर. भूसंपादन, पुनर्वसन ही कारणं आहेतच, पण तुकड्यातुकड्यांनी येणाऱ्या पैशाने काम कसं रखडतं हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. त्यात मंदी आली तर तुकडेही येत नाहीत.

सगळा भार एकाच्या मानेवर

अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या कंत्राटासाठी १९३१ मध्ये ५० लाख डॉलरची हमी लागत होती. एकट्या ठेकेदाराला ती झेपणारी नव्हती, म्हणून काही कंपन्यांनी मिळून 'सिक्स कंपनीज' काढली. आपल्याकडे भागीदारी म्हटली की भावाभावांत आधी वाद. तरी करा, फक्त कागदावर करा.

पहिल्या नकाशाला चिकटून बसणं

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या जागी मुळात ऑपेराचं सभागृह व्हायचं होतं. १९२९ च्या पडझडीनंतर ऑपेरावाले मागे हटले, जागेचा करार मात्र धनाढ्य रॉकफेलरांच्या गळ्यात. त्यांनी नकाशा बदलून कार्यालयं काढली, रेडिओ कंपनीला आत आणलं. आमच्या बिल्डरला मी म्हटलं होतं, खालचे गाळे आधी पुरे करून भाड्याने द्या. त्याला सातही मजले एकदमच हवे होते.

काम अडकलंच तर

मजुराचा हिशेब सगळ्यात आधी चुकता करा, नाहीतर पुन्हा सुरू करताना तो मिस्त्री दुसऱ्या साइटवर असेल. भाड्याची सेंट्रिंग उतरवा, ती रोज पैसे खाते. पण स्लॅबची मुदत भरल्याशिवाय नाही. उघड्या सळयांना सिमेंटचा घोळ फासा. एक गोणी आणि एका माणसाची एक दुपार. आम्ही ते केलं नाही. काम परत लागलं तेव्हा दोन माणसं चार दिवस तारेच्या ब्रशने गंज घासत बसली, आणि कोपऱ्यातल्या कॉलमच्या सळया तरीही कापून काढाव्या लागल्या.